हत्यारांची पेटी

गावातले कारखाने एकामागून एक बंद पडले, तेव्हा सरकारने मांडव घातला. बेकारांना हत्यारांच्या पेट्या वाटायच्या होत्या. माझे शेजारी बबनराव फिटर होते. पेटी मिळाली की ओसरीवर पंपदुरुस्ती सुरू करायची, म्हणून वहिनींनी सकाळीच एक कोपरा झाडून ठेवला होता.

मंत्रिमहोदय पेटी दोन्ही हातांनी, किंचित वाकून देत होते. फोटो निघाला की एक कार्यकर्ता तीच पेटी दोन बोटांत अडकवून मागे नेई आणि ती पुढच्याला मिळे. जड वस्तू इतक्या झटकन हलकी होताना मी पाहिली नव्हती. सरकारी मदतीला वजन असतं ते बहुधा कॅमेऱ्यापुरतंच.

बबनराव एक गुलाबाचं फूल घेऊन खाली उतरले.

"जड होती का हो?" मी विचारलं.

"छे, रिकामी होती. पण साहेबांनी जड असल्यासारखी धरली, मग मीही तशीच धरली."

"आणि भरलेली?"

"घरपोच येणार म्हणाले."

"वहिनींना काय सांगाल?"

बबनरावांनी फूल खिशात ठेवलं. "सांगेन, कोपरा रोज झाडत जा."