ताईचा कप्तान

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर कविता उतरवत होते. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत जाऊन कानाला लावला, तर पलीकडे फणसवाडीतल्या काकू, ताईच्या शेजारीणबाई. "लगेच ये," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला कळलं. दादरहून ट्राममध्ये बसले खरी, पण मनात सारखं भलतंच येत राहिलं. आदल्या रविवारी मी निघताना ताई अंथरुणातून म्हणाली होती, "कुसू, कप्तानाला तेलाचा हात फिरवून जा गं. मला उठवत नाही." मी फिरवला होता. आमचं शेवटचं बोलणं ते... त्याला आता काही आठवडे झाले.

कप्तान म्हणजे ताईचं बिडाचं भांडं. ओतीव लोखंडाचं, जाड बुडाचं, तीन आखूड पायांवर उभं राहणारं आणि वर तितकंच जड झाकण. भावोजी शिवडीला एका गोदामात कारकून. मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान रे रोडला विकायला येतं; तिथे ते एकदा ट्रंक बघायला निघाले आणि आम्हा दोघी बहिणींनाही बरोबर घेतलं. ट्रंक बाजूलाच राहिली. साखळदंडांच्या ढिगापाशी गंजून तांबडं झालेलं हे भांडं ताईला दिसलं आणि ती पदर खोचून तिथेच उकिडवी बसली. "झाकणाला काठ आहे बघ," ती म्हणाली. "निखारे घरंगळायचे नाहीत." आमच्याकडे कोबी-कोलंबीच्या भानोल्याला वरून आणि खालून असा दोन्हीकडून विस्तव लागतो. आई पातेल्यावर परात ठेवून तिच्यात निखारे घालायची, आणि झाकण उचलताना चिमूटभर राख हटकून आत पडायची. ताईचा त्या राखेवर लहानपणापासून राग.

"जहाजावरच्या लोकांनी ह्यात काय काय शिजवलं असेल, कल्पना आहे का?" भावोजी हळूच म्हणाले.

"विस्तवावर तापलं की सगळं शुद्ध. इराण्याकडे कपाला तोंड लावताना विचारता का हो, आधी कोण प्यायलं ते?"

परतताना ट्राममध्ये ते तिनं मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याचं तिकीट?" ताई शांतपणे म्हणाली, "मांडीवरचं आहे. लहान आहे अजून." भावोजी खिडकीबाहेर बघत हसत राहिले.

मग तिनं त्याचा गंज खरवडून काढला, तेल चोपडलं, तापवलं, निववलं, पुसलं, पुन्हा तेल चोपडलं. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. तांबड्याचं करडं झालं, आणि मग करड्यावर हळूहळू तो काळा रंग चढत गेला. मऊ, ओल्या पाटीसारखा. काकू येऊन म्हणाल्या, "फळीवर पितळ कसं लखलखतंय, आणि मधेच हा काळा कप्तान कोण गं?" तेच नाव पडलं. चिंच, राख, साबण यांपैकी काही ताई त्याच्या जवळ येऊ द्यायची नाही. "ह्याला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही," म्हणायची. कोबी, कोलंबी, बेसन आणि नारळाचं दूध असं कालवून ती त्यात ओतायची, झाकणावर निखारे पसरायची आणि मांडी घालून शेजारी बसायची. घड्याळाकडे बघायची नाही. कडेला तूप चरचरण्याचा आवाज बदलला की उठायची. भानोलं उलटं केलं की सबंध सुटून यायचं, बुडाला कणही राहायचा नाही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी इतर कुठे पाहिलं नाही.

मुंबई महाराष्ट्राची की नाही यावरून शहर पेटलं, तेव्हाच्या एका हरताळाच्या दिवशी मी तिच्याकडेच अडकले होते. ट्राम बंद, दुकानं बंद. अश्रुधुराचा वास वाडीत शिरला, आणि मग गोळीबाराचे आवाज आले. भावोजी सकाळीच शिवडीला गेलेले. घरात एक कोबी होता. ताईनं कोलंबीवाचून भानोलं लावलं. झालं तरी उतरवलं नाही. निखारे राखेखाली झाकून तशीच बसून राहिली. मी काही बोलायला गेले, तर म्हणाली, "बीड ऊब धरून ठेवतं, कुसू. ते येईपर्यंत धरील." दिवेलागणीला भावोजी आले, गल्ल्याबोळांतून, सबंध वाट पायी. एक चप्पल कुठेतरी राहिली होती. ताईनं लगेच पान वाढलं. एरवी मासळीवाचून नाक मुरडणाऱ्या त्या माणसानं पहिला घास घेतला आणि म्हटलं, "गरम आहे." ताई पाठमोरी झाली आणि झाकण पुसत राहिली.

सुतक फिटलं त्या दिवशी घर धुतलं, भांडी मागच्या दारी काढली. काकूंबरोबर मी पितळ घासत होते. पाणी आणायला नळावर गेले आणि परत येते तर भावोजी पायरीवर बसलेले, बाह्या सरसावून, हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले. ज्यांनी जन्मात पेला विसळला नाही, त्यांनी चिंच, राख आणि विटेची भुकटी घेऊन कप्तान घासला होता. करडा, उघडा, ताईनं गंज खरवडला तेव्हा होता तसा. "तिचं लाडकं भांडं," ते म्हणाले. "म्हटलं, हे आपण करावं. किती काळं झालं होतं गं..."

मी म्हटलं, "छान निघालंय, भावोजी." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून दर रविवारी मी फणसवाडीला जाते. तेल चोपडते, तापवते, पुसते. पहिलं भानोलं बुडाला धरलं, दुसरंही. भावोजी खरवडून खातात. गेल्या रविवारी कप्तानाकडे निरखून बघत म्हणाले, "कुसुम, पुन्हा काळं पडायला लागलं की हे. घासून देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं. "ताईला काळंच आवडायचं."

 भावोजी बोट आतून कडेकडेनं फिरवत राहिले, जिथे तो रंग नुकता धरू लागला आहे तिथे. मग माझ्या हातातलं फडकं त्यांनी घेतलं आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं इकडेतिकडे पाहत विचारलं, "तेल कुठे ठेवायची ती?"