गुंजेचा लेप आणि मानाची टोपी

चहा निवू द्या, पण हे ऐका. ठरत आलेलं लगीन आपल्याच हातानं कसं मोडावं, ते माझ्याकडून शिका की!

सत्तर-पंचाहत्तरचा काळ. भवानी पेठेतल्या कापडाच्या दुकानात मी लुगडी दाखवायचो. कपाळाच्या वर चाई पडली, केस जाऊन रुपयाएवढी जागा गुळगुळीत. नेमकं तेव्हाच वळसंगची मुलगी बघायचं ठरलं. तिला मी आधी दुकानात बघितलं होतं. ढीगभर लुगडी उलगडायला लावली, एक घेतलं नाही, आणि जाताना हसली. मला तीच हवी होती.

गावाकडून आत्या आली होती. तिच्या कुंपणावर गुंजेचा वेल. सोनार तोलायला घेतात तीच लाल गुंज. ती उगाळून चाईवर लावतात म्हणाली. वर बजावलंही, "बोटाच्या टोकानं लाव आन् लगेच धू. इखारी हाय ती, लई नको."

लग्नाला उतावीळ झालेल्या माणसाला 'लई नको' ऐकू येतं का? मी मूठभर गुंजा वाटल्या, चाई खरखरीत फडक्यानं घासली, लेप थापला आणि बांधून झोपलो.

सकाळी फोड आलेले, एक डोळा सुजून बंद. आत्यानं कपाळ बडवून घेतलं. पण जायचं तर होतंच. टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि आत्याला घेऊन वळसंग गाठलं. डोळ्याला गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं.

पोहे झाले. केसांचं कुणी विचारलंसुद्धा नाही. मुलगी ओळखून परत हसली. तिचे वडील आत जाऊन आले ते हातात टॉवेल, नारळ आणि कोरी टोपी घेऊन. आमच्याकडं होकाराचा मान असाच करतात. म्हणजे ठरलं की!

"पाव्हणं, जुनी टोपी काढा."

"राहू द्या मामा, वरनंच घाला."

"टोपीवर टोपी? तसं कुटं असतंय?" म्हणत त्यांनीच ती उचलली. तिच्याबरोबर दोन फोडही निघाले.

मी गुंजेचं सांगत सुटलो. पण रोग लपवून आलेल्याचं कोण ऐकतंय? नारळ आत गेला, मुलगीही गेली.

पुढं ती नवऱ्याला घेऊन दुकानात आली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्याला एक केस नव्हता हो!

आणि माझी चाई? नंतर फोड दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ती आपोआप भरते. भरली की. या वयातही केस बघा, कसे दाट. रोज भांग पाडतो. वाकडा पडला तर सांगायला घरात कुणी नाही, एवढंच.