मृदुविजय महाराजांचा अभिग्रह

कॅमेऱ्याला हात न लावता फिल्म बनवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीच्यांना हात लावूनही जमत नाही, ते सोडा.

मी संघप्रिया. काशीमीऱ्याला राहते, लग्नांचं शूटिंग करते. आईबाप परभणीकडचे. तोंड जरा तिखट आहे, घरचेही हेच सांगतील. मृदुविजय महाराज म्हणजे पांढऱ्या वस्त्रातले, अनवाणी चालणारे जैन साधू. संसारातलं नाव उदय. भाईंदरच्या मराठी शाळेत शिकले, घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत मालिकांचं एडिटिंग करायचे, आणि एकोणतिसाव्या वर्षी दीक्षा घेतली. वीज वापरायची नाही, म्हणून मोबाइल नाही, माइक नाही, स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही. पण फिल्मची खाज काही गेली नाही!

त्यांच्यासाठी शूट करायला गेले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्याशी माझं वाजलं. शॉट लिहिलेला कागद द्यायला मी हात पुढे केला, तर ते झटकन मागे सरले. "खाली ठेवा, बेन."

डोकंच फिरलं माझं. 'खाली ठेव' हे माझ्या आजोबांनी जन्मभर ऐकलेलं. तोंडावर विचारलं, "मला शिवलात तर काय झडणार आहे तुमचं?" बॅग उचलली आणि निघाले. जिन्यात लोकेशने गाठलं, हा त्यांचा संसारातला मावसभाऊ. म्हणाला, "अगं, ते सख्ख्या आईचाही हात धरत नाहीत. कुठल्याच बाईचा नाही. नियम आहे." परत आले, पण गाल फुगवूनच. महाराज म्हणाले, "चूक माझी. तुमच्या घरात हे शब्द कसे ऐकले गेले असतील, ते मला आधी सुचायला हवं होतं." आता साधूच चूक कबूल करतोय म्हटल्यावर भांडायचं कोणाशी?

काम असं चालायचं. मी शूट करायचं आणि दिवसाउजेडी उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागी, बसून एकेक शॉट तोंडी सांगायचा. लोकेश समोर हवाच, बाईशी एकट्याने बोलायचं नाही हाही नियम. एका शॉटची एक चिठ्ठी. चिठ्ठ्या फरशीवर मांडायच्या, महाराज डोळे मिटून ऐकणार आणि मग म्हणणार, "चेहरा नंतर. आधी हात दाखवा." मी कुरकुरायचे. घरी जाऊन जोडलं की चोख बसायचं. काशीमीऱ्याच्या ट्रक ड्रायव्हरांच्या झोपेवर पहिली फिल्म केली, तेव्हा महाराज स्वतः गोदामा-गोदामात चालत गेले आणि दोन मालकांकडून ड्रायव्हरांसाठी खाटांची खोली मिळवली. स्वतःची एकही फिल्म मात्र त्यांनी आजवर पाहिलेली नाही.

यंदाची फिल्म होती सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्या उपसणाऱ्यांवर. खंडू आमच्या गल्लीतला. कमरेला दोरी बांधून आत उतरतो. त्याचा भाऊ धाकू दोन वर्षांपूर्वी असाच उतरला आणि वर आला तो मेलेला. तरी खंडू जातोच. न जाऊन खाणार काय?

फिल्मचा जीव एका शॉटमध्ये होता. बेव्हर्ली पार्कातली एक सोसायटी, टाकीतून वर येणारा खंडू, आणि मागे सोसायटीच्या नावाचा बोर्ड. घोटाळा असा की तिथले चेअरमन सोहनराजजी हेच इथल्या जैन संघाचे ट्रस्टी. महाराजांना चातुर्मासासाठी त्यांनीच आग्रहाने आणलेलं. आता चार महिने महाराज गाव सोडू शकत नव्हते, आणि भिक्षा याच लोकांच्या घरची.

सोहनराजजी आले, हात जोडून बसले. "महाराजसाहेब, बाकी सगळं ठेवा. आमचा बोर्ड तेवढा काढा. नाहीतर फिल्मला संघाचा हॉल मिळणार नाही."

मी मध्येच तोंड घातलं. "त्यापेक्षा मैला ओढणाऱ्या मशीनची गाडी बोलवा ना! गेटपासून टाकीपर्यंत वीस फूट पाइप जास्त लागेल, एवढंच."

"खंडू राजी आहे ना? पर्युषणाच्या आधी टाकी साफ करायचीय, तारीख दिलीय त्याला," ते म्हणाले.

महाराज शांतपणे बोलले, "शेठ, बारीकसा जीव मरू नये म्हणून आपण पाणी गाळून पितो. आणि माणूस टाकीत सोडतो." सोहनराजजी ताडकन उठून गेले.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी अभिग्रह घेतला. म्हणजे साधू मनाशी एक अट धरतो, कागदावर लिहून पाकिटात बंद करतो. भिक्षेला रोज निघायचं, पण अट जिथे आपोआप पुरी झालेली दिसेल त्याच घरचं अन्न घ्यायचं. नाही दिसली तर उपास. अट काय, ते कोणाला सांगायचं नाही.

सगळा संघ हवालदिल होऊन अट काय असेल ते ताडू लागला. कोणी दारात नारळ धरून उभं, कोणी सुनेला शालू नेसवून उभं केलेलं. एका बहाद्दराने तर तिसऱ्या मजल्यावर वासरू चढवलं! महाराज 'धर्मलाभ' म्हणायचे, आत एक नजर टाकायचे आणि रिकाम्या पात्राने पुढे जायचे. पाच दिवस गेले, सहा गेले. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर.

सातव्या दिवशी मी भडकलेच. "ही सरळसरळ धमकी आहे, महाराज."

"धमकीत अट सांगावी लागते, बेन. मी कोणाला सांगितलीय?"

"आणि मेलात म्हणजे?"

"फिल्म तुम्ही पुरी कराल. चिठ्ठ्या ओळीने लागलेल्या आहेत," ते म्हणाले, अगदी हसून. मला मेलं रडूच आलं.

आठव्या दिवशी खंडूची तारीख होती. मी कॅमेरा घेऊन सोसायटीत गेले. सोहनराजजींच्या आई चंपाबाई, वय ब्याऐंशी, खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. "क्या निकालती है तू?" मी मोबाइलवर तो शॉट दाखवला. त्यांनी तीनदा पाहिला. "ये अपनी बिल्डिंग में?" मी बोर्डावर बोट ठेवलं. धाकूचंही सांगितलं.

म्हातारी उठली, खुर्ची ओढत नेली आणि टाकीच्या झाकणावर टाकून बसली. "अब उतारो, किसको उतारना है!"

सोहनराजजी धावत खाली आले, विनवण्या झाल्या. चंपाबाई त्यांच्याकडे बघेनात. बघितलं ते खंडूकडे. "खाना खाया? चल ऊपर. तू भी चल, बेटी."

खंडूला घाम फुटला, पण त्या बाईपुढे कोणाचं चालणार? स्वयंपाकघरात पाटावर बसवून त्यांनी त्याला ताट वाढलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "धर्मलाभ."

खंडू ताटावरून उठून भिंतीला चिकटला. त्याला वाटलं, आपल्यामुळे महाराज बाटतील. महाराजांनी त्याला उभा पाहिला आणि उंबऱ्यातूनच पाठ फिरवली. चेहरा पार ओढलेला. मला काही उमगेना.

चंपाबाई मात्र खंडूवर डाफरल्या. "अन्न से उठते हैं क्या? बैठ!" खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खाली दाबला. भीतीने त्याने एक घास तोंडात कोंबला. महाराज वळले. आत आले. पात्र पुढे केलं.

चंपाबाईंच्या हातून पोळी दोनदा निसटली. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, पण तो चालू करायचं भानच राहिलं नाही. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

दुपारी पाकीट फोडलं. सोहनराजजींनीच वाचलं: 'आपल्या टाकीत उतरणारा माणूस ज्या घरात ताटावर बसून जेवताना दिसेल, त्या घरची भिक्षा.' वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग मला म्हणाले, "हॉल कधी पाहिजे?"

पंधरा दिवसांनी फिल्म दाखवली. महाराज अर्थातच वर, उपाश्रयात. बोर्डाचा शॉट आला तशी हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली, कोणाची सोसायटी, कोणाची. अंधारात सोहनराजजी उभे राहिले. "आमची आहे. मी चेअरमन आहे. आता तिथे माणूस उतरत नाही."

माझ्या शेजारी खंडू बसला होता. तो मला हळूच म्हणाला, "खरं बोलतोय त्यो. परवा मशीन आली व्हती. म्या वरच हुतो, पाइप धरून."