तात्या गाडी चालवत होते

गाडीच्या इन्शुरन्सच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पॉलिसी गिऱ्हाईक घरी नेतं, कपाटात ठेवतं आणि विसरतं. तक्रार मात्र आमच्याकडेच सोडून जातं. नाशिक रोडला झेरॉक्सच्या दुकानावर माझं छोटंसं ऑफिस आहे. त्यात मी, फोन सांभाळणारी शबाना आणि बावीस वर्षांच्या तक्रारी एवढेच मावतो. लग्नात कुणी विचारलं, ताई तुम्ही काय करता, आणि मी खरं सांगितलं, की माणूस जिलेबीचं निमित्त करून उठतो. पाच मिनिटांनी ताट घेऊन परत येतो, कारण त्याचाही एक क्लेम कुठेतरी अडकलेला असतो.

पूर्वी मी या किश्शांवर मनापासून हसायचे. हल्ली शबाना हसते आणि मी चहा मागवते.

*

सप्तशृंगी गडावर आमच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा आरसा आणि वायपर माकडानं उपटला. गृहस्थ सरळमार्गी. त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि आम्हालाही कॉलवर घेतलं. पलीकडची मुलगी स्क्रीनवरचे प्रश्न ओळीनं वाचत होती. समोरच्या पार्टीचं नाव काय, गाडीचा नंबर काय. हे म्हणाले, पार्टी माकड आहे. मुलगी जरा थांबली, कारण तिच्या यादीत माकड नव्हतं. तरी पुढचा प्रश्न तिनं विचारलाच. समोरची पार्टी घटनास्थळावरून पळून गेली का?

"नाही हो. इथंच बसलीय. माझा वायपर चावतेय."

'समोरच्या पार्टीचा तपशील अपूर्ण' असा शेरा मारून क्लेम तीन महिने लटकला. गृहस्थ आता गडावर एसटीनं जातात.

*

आता तात्यांची ओळख करून देते, कारण ते पुढे येत राहणार आहेत.

तात्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, वय एकाहत्तर. शर्टाला इस्त्री, खिशात पेन आणि छोटी डायरी. नोकरीत असताना गाडी घ्यायची म्हणून त्यांनी लायसन काढलं होतं. गाडी कधी झाली नाही, पण लायसन ते वेळच्या वेळी रिन्यू करत राहिले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीनंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गाडी पुढे मुलानं, निलेशनं घेतली. निलेशकडे गाडी आहे आणि लायसन नाही. आरटीओच्या टेस्टला तो दोनदा नापास झाला आणि नंतर गेलाच नाही. "चालवता तर येतेय ना," हे त्याचं उत्तर.

पहिल्या वर्षी तात्या माझ्याकडे एक कागद घेऊन आले. त्यावर सुवाच्य अक्षरात सहा नावं होती. ते स्वतः, बायको म्हणजे माई, निलेश, सून स्नेहल आणि दोन नातवंडं. गाडीच्या पॉलिसीसोबत या सगळ्यांचं अपघाताचं कव्हर हवं, आणि ते पेन्शनीत बसलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. "ताई, कुणी राहता कामा नये," ते म्हणाले. मी आणि शबानानं चार दिवस फोन करून करून ते बसवलं. तात्यांनी आम्हा दोघींना पेढे दिले.

सहा महिन्यांनी निलेशनं गाडी रिव्हर्स घेताना सोसायटीच्या गेटवर घातली. क्लेम फॉर्मवर प्रश्न असतो, गाडी कोण चालवत होतं आणि त्याचा लायसन नंबर काय. निलेश माझ्याकडे बघायला लागला, मी तात्यांकडे बघितलं, आणि तात्यांनी खिशातून लायसन काढून टेबलावर ठेवलं. फॉर्म माझ्या हातानं भरलेला आहे. नाशकात निम्म्या घरांत असंच चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे, आणि त्यानं काहीच सुटत नाही.

*

इंदिरानगरच्या एका कुटुंबाची गाडी डिव्हायडरवर गेली. कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, दुसऱ्या दिवशी येणार होता. गाडी आहे तशी ठेवा, हात लावू नका, असं मी तीनदा बजावलं होतं. पण अपशकुनी गाडी दारात कशी ठेवायची? सासूबाईंनी आधी गाडी धुवायला लावली. मग ओळखीच्या गॅरेजवाल्यानं पत्रा ठोकून जवळजवळ सरळ केला. मग पूजा झाली, नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली, आणि जिथं पोचा होता तिथं कुंकवाचं स्वस्तिक निघालं.

सर्व्हेअर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. सासूबाईंना वाटलं प्रदक्षिणा घालतोय, म्हणून त्यांनी त्याला प्रसाद दिला. त्याच्या रिपोर्टची कॉपी माझ्याकडे आहे. 'नुकसान: आढळले नाही. हळद-कुंकू: आढळले.'

*

तात्यांचा दुसरा अपघात मॉलच्या खांबाशी झाला आणि तिसरा दत्तमंदिर चौकात रिक्षाशी. म्हणजे कागदावर. दोन्ही वेळा तात्या घरी पेपर वाचत होते.

तिसऱ्या वेळी कंपनीला शंका आली. चौकशीचा फोन थेट तात्यांना आला, आणि तो चालू ठेवूनच ते निलेशला घेऊन घाईघाईनं ऑफिसात आले, म्हणून आम्हीही ऐकला. कंपनीच्या बाईंनी विचारलं, धडकेच्या वेळी गाडी कितव्या गियरमध्ये होती? तात्यांनी आयुष्यात कुणाला अर्धवट उत्तर दिलेलं नाही. त्यांनी विचार केला.

"त्या दिवशी बहुतेक सगळेच वापरले होते."

शबाना तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. क्लेम मात्र पास झाला! फोन ठेवल्यावर तात्यांच्या कपाळाला घाम होता. ते निलेशला म्हणाले, इथून पुढे मी काय केलं ते मला आधी क्रमानं सांगत जा, मी लिहून घेईन. खोटं बोलायचं तर निदान चुकीचं बोलू नये, असा त्यांचा हिशोब होता. त्या दिवसापासून डायरीत 'अपघात' असं एक पान झालं.

*

येवल्याहून एक जण आला. स्वतःच्या व्हॅनची मागची सीट काढून त्यानं कांद्याच्या नऊ गोण्या भरल्या होत्या, आणि मार्केटला जाताना व्हॅन पुलाच्या कठड्याला घासली. खासगी गाडीत धंद्याचा माल नेला म्हणून कंपनीनं क्लेम नाकारला. त्याला ते पटेना. "घरचाच कांदा हाय मॅडम. मग खासगीच झाला ना?" मी म्हटलं, कंपनी विचारतेय, घरी खायला नऊ गोण्या?

"आमच्याकं पाव्हणे लय येतात."

हे उत्तर मी जसंच्या तसं कंपनीला पाठवलं. उत्तराला उत्तर आलेलं नाही.

*

उत्तरावरून आठवलं. त्या कांदेवाल्याच्याच तक्रारीसाठी शबाना हेल्पलाइनवर होल्डवर होती. चाळीस मिनिटं तीच सनई वाजत होती. तेवढ्यात तिच्याच फोनवर मेसेज आला, 'आपल्याशी संपर्क होऊ न शकल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' सनई चालूच होती. शबानानं फोन ठेवला नाही. म्हणाली, एवढा वेळ थांबलेच आहे तर बघूया, उचलतात का.

*

क्लेम न करता वर्ष गेलं की हप्त्यात सूट मिळते आणि केला की ती जाते. तीन क्लेमनंतर तात्यांच्या घरच्या गाडीचा हप्ता एवढा वाढला की पेन्शनीत सहा नावं बसेनात. मी सगळ्या कंपन्यांची दारं ठोठावली. शबानानं तर एका मॅनेजरला ताई, माई, अक्का करून विनवलं. काही झालं नाही.

तात्यांनी तो जुना कागद काढला आणि शांतपणे स्वतःचं नाव खोडलं.

मी म्हटलं, तात्या, कागदोपत्री तुम्हीच गाडी चालवता, आणि तुमचंच कव्हर काढताय? ते म्हणाले, मी त्या गाडीत बसतो कुठं? बाजारात जायचं तर सिटी बस आहे. पुढच्या वर्षी माईंचं नाव गेलं. गेटचा तो पहिला फॉर्म मी भरला नसता, तर गेटच्या दुरुस्तीवर भागलं असतं आणि सहाच्या सहा नावं आज कागदावर असती, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं. धंद्यात इतकी वर्षं काढून मी एका घराला परवडणारं कव्हर देऊ शकले नाही. उलट होतं ते घालवलं. आमच्याकडे म्हणतात ना, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. इथं तर मारुतीही झाला नाही.

*

आणि हा आत्ताचा, मागच्या महिन्यातला.

सकाळी नऊला ऑफिस उघडलं तर निलेश, स्नेहल आणि तात्या जिन्यातच उभे. आदल्या संध्याकाळी जेलरोडला निलेशच्या गाडीची एका स्कूटीला धडक बसली होती. स्कूटीवरची बाई पडली, तिच्या पायाला मोठी दुखापत झाली. फळाच्या गाडीवाल्यानं पोलिसांना गाडीचा नंबर सांगितला आणि सकाळी पोलीस स्टेशनमधून फोन आला, अकरा वाजता ड्रायव्हरला घेऊन या.

निलेश खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, नेहमीसारखं करायचंय."

मी त्याला सांगितलं, हा क्लेम फॉर्म नाही. हा पोलिसांचा जबाब आहे, पुढे कोर्ट आहे, वर्षानुवर्षं तारखा आहेत, शिक्षाही होऊ शकते. तो म्हणाला, मला माहितीये. पण बिनलायसनचा माणूस चालवत होता असं निघालं, तर कंपनी त्या बाईला भरपाई देईल आणि ती सगळी माझ्याकडून वसूल करेल. फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो गेला तर पोरं आणि माई कुठं जातील? तो रडत होता, आणि तो म्हणत होता ते नियमाला धरून होतं. नियम मीच त्याला कधीतरी समजावून सांगितला होता. स्नेहल भिंतीकडे बघत होती. शबानानं वाजणारा फोन काढून ठेवला.

मी तात्यांना म्हटलं, हे मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही करू नका. इतक्या वर्षांत मी कुणाला पहिल्यांदाच नाही म्हटलं असेन, आणि तेही फार उशिरा.

तात्यांनी माझं ऐकून घेतलं. मग विचारलं, ती बाई कशी आहे? आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी लायसन टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, डायरी उघडली आणि 'अपघात'चं पान काढलं. वर तारीख घातली. "क्रमानं सांग. मी कुठून येत होतो?"

निलेश सांगत गेला. पंपावरून येत होतो, सिग्नल हिरवा होता, डावीकडून स्कूटी आली, ब्रेक मारला, लागला नाही. तात्या एकेक वाक्य लिहीत गेले. एका ठिकाणी त्यांनी स्पीड विचारला आणि तोही लिहिला. निलेश थांबला, झालं म्हणाला.

तात्यांचं पेन कागदावरच होतं.

"ती पडल्यावर मी थांबलो होतो का रे?"