कमलाची वरची दाढ

आर्वी-वर्धा रस्त्यावर एसटीचा कंडक्टर म्हणून मी जेवढं बोललो, तेवढं त्या रस्त्यावरचे सगळे कावळे मिळूनही बोलले नसतील. वाघाला हाफ तिकीट फाडल्याची गोष्ट मी सांगितली. पुरात गाडी म्हशीसारखी पोहत नेल्याची सांगितली. लोक पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, "फेका, कंडक्टरसाहेब, आनखी फेका!" पण एक गोष्ट मी चालत्या गाडीत सांगितली नाही, थांब्यावर सांगितली नाही, देवासमोर हात जोडून उभा असतानासुद्धा नाही. ती तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? घरात दुसरं कोणी नाही— हे एक कारण असेल.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आर्वीला आल्या. बसस्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि पाटी लावली— घरातल्या लहानथोर सगळ्यांचे दात इथे पाहिले जातील. तोवर आमच्याकडे दाताचं औषध ते काय? दुखला तर लवंग, हलला तर दोरा, आणि तरीही ऐकेना तर बाजारात पोतं टाकून बसणारा पक्कडवाला. बाईंकडे मागे रेलणारी खुर्ची होती. शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं, दात कोरायचं मशीन होतं. वीज गेली तरी त्याचं काही अडत नसे. बाजाराच्या दिवशी लोक बैलबंडी भरून यायचे, आजीपासून नातवापर्यंत.

आणि आमच्याकडची रीत अशी, की नवं काहीही आधी घरच्या कर्त्या माणसानं करायचं. नव्या विहिरीचं पाणी तो आधी पिणार. नव्या डॉक्टरच्या खुर्चीत तो आधी बसणार. तो धड बाहेर आला, की मग बाकीचे. बाईंना ही रीत लवकरच कळली होती. कर्ता दिसला, की त्या म्हणायच्या, "या, आधी तुम्ही वाट मोकळी करा."

आमच्या घरचा कर्ता मी.

खरी दुखत होती ती माझ्या बायकोची, कमलाची, दाढ. वरची, उजव्या अंगाची. भाकर दुधात कुस्करून खायची, एका बाजूनं चावायची, आणि माझी गोष्ट संपायच्या आधीच हसायची— गालाला हात लावून. गोष्ट संपायच्या आधी हसणारी ती एकटीच. बाकीचे शेवट ऐकून हसत. तिला माझा शेवट आधीच ठाऊक असायचा. दवाखान्यात जायचं तिनंच काढलं. "तुमची बी एक किडलीच हाये ना? तुमी बसा पह्यले, मंग माहा नंबर." सुटीच्या दिवशी आम्ही निघालो— मी, कमला, माझी माय आणि दोन पोट्टे.

मी आत गेलो. हिरवा पडदा पडला. बाईंनी आरशानं पाहिलं, म्हणाल्या, ही वरची काढावी लागेल, आधी बधिर करते. आणि सुई वर धरली. ती सुई— आता काय सांगू, इतकी वर्षं मी लोकांना ती बैलाला टोचतात तेवढी होती म्हणून सांगत आलो. नव्हती. बारीकशी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि वाघाला तिकीट फाडणारा हा गडी खुर्चीतच गार झाला. शुद्धीवर आलो तेव्हा बाई तोंडावर पाणी शिंपडत होत्या. "होतं असं पुष्कळांना. जरा बसा, मग बघू." मी बसलो नाही. गालातला कापसाचा बोळा तसाच घेऊन पडद्याबाहेर आलो.

कमला उठून उभी राहिली. "झालं?"

माय म्हणाली, "काऊन रे, इतक्यातच?"

त्या दोघी, दोन पोट्टे, बाकावरची आणखी दोन घरं— सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. काय सांगणार होतो? सुई पाहून पडलो म्हणून? मी डोळ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चाला घरी. वरच्या दाढेची नस डोळ्यात जाते. तिनं नुसती हालवली, तं या डोळ्यापुढं अंधार झाला. उपटली असती तं आंधळाच झालो असतो."

"मी म्हणतच होती ना वं, कमले, वरच्या दाढेले हात लावू नोको!" माय म्हणाली.

बाई पडद्याशी उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. एका वाक्यात मला उघडं पाडू शकल्या असत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, कमलाला म्हणाल्या, "ताई, तुम्ही तरी या. त्रास वाढेल तुमचा." कमलानं माझ्याकडे पाहिलं. मी चपला घालत होतो.

थाप एकदा निघाली की तिला घरी बसवत नाही. माझी तर रोज गाडीवर ड्यूटी. आर्वीला माझा डोळा अंधारला होता. आठवड्याभरात, लोकांच्या तोंडी, तो तीन दिवस पूर्ण गेला होता. महिन्याभरात केळझरकडच्या कुण्या बुवाची दोन्ही बुबुळं बाईंच्या बाटलीत तरंगू लागली. माझ्या शंभर थापांतल्या नव्याण्णव कोणी खऱ्या मानल्या नाहीत. ही मानली. कारण ही लोकांच्या मनात आधीच होती— मी फक्त तिला तिकीट दिलं. बंड्या यायच्या थांबल्या. कर्ता माणूसच खुर्चीत बसेना, तर मागचे कसे बसतील?

बाईंनी दवाखाना आवरला तेव्हा त्या माझ्याच गाडीनं गेल्या. पेट्या वर टपावर, त्या पुढच्या सीटवर. मी तिकीट फाडलं. त्यांनी विचारलं, "घरच्या ताईंची दाढ कशी आहे?"

"मस्त आहे," मी म्हणालो आणि घंटी ओढली.

इथं थांबलो तर गोष्ट बरी होईल, नाही? भित्रा माणूस, चावट तोंड, एका बाईचं नुकसान. एवढं कबूल केलं की माणूस हलका होतो म्हणतात. मीही इथंच थांबणार होतो— पण मला सांगायचं आहे ते अजून पुढंच आहे.

दोन-तीन वर्षांनी माझी दाढ अशी ठणकली, की भिंतीवर डोकं आपटावं. एका नातेवाइकाच्या लग्नाचं निमित्त सांगून मी एकटाच नागपूरला गेलो. कुणाला सांगितलं नाही. तिथल्या डॉक्टरला म्हटलं, मला सुई दाखवू नका. डोळे मिटून बसलो. तो म्हणाला, झालं. मला वाटलं, अजून सुरूच केलं नाही. बाहेर रस्त्यावर आलो आणि उजवा डोळा झाकून पाहिलं, डावा झाकून पाहिलं. समोरच्या सायकलच्या दुकानावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचली.

घरी आलो तेव्हा कमला चुलीपुढं गाल शेकत बसली होती. मीठ गरम करून, फडक्यात बांधून. तिला माझ्या तोंडातली खिंड दिसली. "हे काय? दाढ कुठं गेली?"

आता बोलायचं होतं. आता. तेव्हा आम्ही दोघंच होतो. माय देवाघरी गेली होती, पोट्टे बाहेर खेळत होते. काय झालं असतं? ती हसली असती. फार तर चार दिवस मला सुईवरून चिडवलं असतं. तेवढंच. आणि मी म्हणालो, "लग्नात हुर्डा खाताना आपोआप निंघाली. देवानंच काढली म्हन."

"तुमचं नशीब," ती म्हणाली, आणि मिठाचं फडकं पुन्हा गालाला लावलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचा चेहरा सुजला. सूज गालावरून डोळ्यापर्यंत चढली, डोळा मिटला, तापानं अंग फणफणलं. ती वर्ध्याला यायला तयार नव्हती— "दाढेले हात लावतीन ते." उचलून नेली. तिथं पू काढला, दाढ काढली. जीव वाचला. उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेली. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाढ वेळेवर काढली असती तर डोळा गेला नसता, काका. पू वर चढला." मी विचारलं, "तिला सांगितलं का?" नाही म्हणाला. मग मीही नाही सांगितलं.

त्यानंतर ती दहाएक वर्षं जगली. माझ्या गोष्टी ऐकायची, पण शेवट येईपर्यंत थांबायची. मग सगळ्यांबरोबर हसायची. मला वाटायचं, तिला कळलंय. पण नव्हतं कळलं. ते त्याहून वाईट होतं.

ती वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आली, तेव्हाच शेजारच्या बाया तिला पाहायला आल्या होत्या. मी तिथंच ओसरीवर सुपारी कातरत होतो. कमला त्यांना सांगत होती, "आमच्या यायनं पह्यलेच सांगतलं होतं वं बाई. मीच अभागी. दाढ काढली अन् डोळा गेला. यायचं बोलनं काई चुकत नाई." आणि तिनं तिचा चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "हो ना वो?"

मी म्हणालो, "हो."