निंगव्वाचा रांजण

निंगव्वाबद्दल मी लिहावं, एवढी मला तिची माहिती नाही. आमच्या बोळात ती चार घरं सोडून राहायची आणि कडक भाकरी करून विकायची. तिचं माहेर कुठलं, हेही मी कधी विचारलं नाही. पण तिला पाहिलेलं बोळात आता दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. जमेल तसं.

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात आमच्याकडच्या नळांना पाणी येईना. बोळाच्या टोकाला जुना आड होता. नळ आल्यापासून तो कोणी वापरत नव्हतं. गाळ काढायला आड उपसणाऱ्या मल्लप्पाला उतरवला, तर पहिल्याच दिवशी तो पाय धरून वर आला. तळव्यात इंजेक्शनची सुई मोडली होती.

"आड हाय का दवाखाना?" तो ओरडला. "म्या न्हाय उतरत आता!"

चूक आमचीच. घरात माणूस गेलं की दिवसकार्यानंतर त्याची उरलेली औषधं आडात टाकायची, अशी आमच्या बोळाची रीत. दुखणं पाण्यात बुडालं की घरात परतत नाही, असं आम्ही मानायचो. मल्लप्पाशिवाय उतरणारा कोणी मिळेना. पाण्याची आशा सुटल्यातच जमा होती.

तेवढ्यात निंगव्वा चुलीपुढचा लांब चिमटा घेऊन आली.

"मल्लप्पा, टायरच्या चपला घाल. फावड्यानंच भर, हात लावू नगं. वर आलेली पाटी मी बघते."

तो पुटपुटत का होईना, उतरला. ती उन्हात बसून चिमट्यानं गाळातल्या सुया, काचा, गोळ्यांच्या बाटल्या वेचू लागली. एक बाटली पाहून बोळातलीच सुंदरम्मा म्हणाली, "अगं, ही आमच्या मामंजींची की!"

"मग ने घरी. लई आठवण येत असंल तर."

मल्लप्पा आडातून हसला, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

हे सगळं ठेवायचं कुठं? आडापासून लांब, तिच्या परसात एक जुना रांजण पुरलेला होता. त्यात तिनं ते भरलं. गोळ्या ठेचून चुन्यात आणि मातीत कालवल्या. वर झाकण म्हणून पाटा ठेवला. रांजण भरल्यावर तोंड सिमेंटनं बुजवून दुसरा पुरला. यापुढं औषधं आडात नाहीत, इथं, असं तिनं बजावलं.

"मेलेल्यांची दुखणी दारात ठिवतीस," सुंदरम्मा म्हणाली, "तुझ्या भाकरी खाईल कोण?"

"नका खाऊ. पाणी तर मिळंल की."

खरंच, काही घरांनी तिच्या भाकरी बंद केल्या. आडातलं घाण पाणी उपसल्यावर झरा मोकळा झाला, आणि त्या उन्हाळ्यात धुण्या-भांड्याला पाणी न्यायला शेजारच्या बोळातल्या बायाही आमच्याकडं आल्या. भाकरी न्यायला पहिली परत गेली ती सुंदरम्माच.

पुढं कुठंही माणूस गेलं की निंगव्वा दाराशी येऊन औषधं मागायची. नंतर लोक आपणहून नेऊन देऊ लागले. आडात पुन्हा बाटली पडली नाही. आमच्या बोळातली बाई म्हणून मला तिचा फार अभिमान वाटतो. तिला तसं सांगायला मात्र जमलं नाही.

अठ्ठ्याहत्तरला माझी बायको साखरेच्या आजारानं गेली. दिवसकार्यानंतर निंगव्वा दारात आली. त्याच महिन्यात ती होटगीला लेकीकडं गेली आणि तिथंच वारली, त्यामुळं आमचं बोलणं झालं ते तेवढंच.

"अण्णा, सुया येगळ्या ठिवल्या का?"

"हो, पावडरच्या डब्यात."

"झाकण घट्ट हाय न्हवं?"

"आहे."

"बरं. कट्ट्यावर भाकरी ठिवल्यात. चटणीसंगं खावा."

"खातो."