कात्रीकाकांनी कापलेलं कौतुक

कात्रीकाकांच्या हातात खरीखुरी कात्री शेवटची कधी दिसली, हे कचेरीत आता कुणालाच आठवत नाही. वर्तमानपत्राची पानं कॉम्प्युटरवर लागायला लागली त्याला जमाना झाला. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आतलं शेवटचं पान संध्याकाळी त्यांच्या हातून लागायचं, आणि मजकूर जागेपेक्षा जास्त झाला की त्यांचा नियम एकच: खालून छाटायचं. बातमीदार महत्त्वाचं ते वर लिहितो, खाली उरतं ते शेपूट. शेपूट तोडल्याने जनावर मरत नाही, असं ते नव्याने आलेल्यांना ऐकवायचे.

वाचत मात्र नसत. मथळा पाहायचा, रकाना मोजायचा, उरलं ते उडवायचं. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "न्हावी गिऱ्हाइकाचे केस बघून हळहळत बसला, तर दुकान कोण चालवणार?" माणूस तुसडा नव्हता, पण कुणाचं घेणं नाही आणि कुणाचं देणं नाही, अशा ताठ्यात सारा जन्म काढलेला. उपकाराचं ओझं नको, म्हणून शेजारच्यांकडून कधी विरजणसुद्धा आणलं नाही.

आणि अशा माणसाच्या डोक्यावर एक उपकार येऊन बसला होता. अगदी डोक्यावरच म्हणायचं, कारण तो वरच्या मजल्यावर राहत होता.

वरच्या मजल्यावर पियानोबाई राहायच्या. एकट्या, साठी ओलांडलेल्या, शिकवण्या करून राहणाऱ्या. तरुणपणी मोठमोठ्या सभागृहांतून वाजवलेलं. पुढे स्वतःच्या रचना लिहायला लागल्या आणि लोक हळूहळू विसरले. काकांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुपारी कामाला निघताना काकांचा पाय दारातून निघत नसे. कामाला लावलेली मावशी भली होती, पण तिचं बोलणं संपायचं नाही आणि काकूंना उत्तर देता यायचं नाही, त्यामुळे दोघीही दमून जायच्या. एक दिवस जिन्यात पियानोबाईंनी विचारलं, "भाऊ, माझ्या वाजवण्याचा त्रास होतो का हो त्यांना?"

"उलट बरं वाटतं तिला," काका म्हणाले. "डोळे मिटून पडलेली असते."

संपलं बोलणं. पण दुसऱ्या दिवसापासून काकांनी बाहेर पडून दार ओढायचा अवकाश, वरची खिडकी उघडायची आणि पियानो सुरू व्हायचा. संथ, गडबड नसलेलं काहीतरी. मावशी सांगायची की बाई मधूनमधून खालीही येतात, काकूंच्या उशाशी बसतात, पुन्हा वर जाऊन वाजवतात. काकू जाईपर्यंत हे चाललं. एक दिवस खंड नाही, एका शब्दाचा गवगवा नाही. काकू गेल्यावर काकांना आभार मानायचे होते. चारदा जिना चढले आणि दारावरची पाटी वाचून परत आले. ज्याने उभ्या आयुष्यात कुणाचे आभार मानले नाहीत, त्याला ते एकदम कुठून जमणार?

दोन वर्षांनी संधी चालून आली. बाईंचा कार्यक्रम ठरला, गावच्या सभागृहात, स्वतःच्या नव्या रचनेचा. काकांनी मनाशी हिय्या केला आणि थेट कारलेसरांना गाठलं.

कारलेसर म्हणजे वर्तमानपत्राचे संगीत समीक्षक. निवृत्त प्राध्यापक, खरं आडनाव वेगळंच. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, म्हणून कचेरीने त्यांना हे नाव दिलेलं. त्यांचं परीक्षण आलं की कलावंत चार दिवस तोंड लपवून फिरायचा, अशी ख्याती. पण त्यांनी चांगलं म्हटलं तर ते नाणं कुठेही चालेल, हेही सगळे जाणून होते. काका त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "सर, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. या कार्यक्रमाला या. चांगलं लिहा असं म्हणत नाही. फक्त या."

सर गेले. काकांची त्या संध्याकाळी पानावर ड्युटी होती. दुसऱ्या दिवशी परीक्षण हातात पडलं, आणि काकांनी नियम मोडून ते वाचायला घेतलं. सुरुवातीलाच सरांनी सभागृहाच्या खुर्च्यांना झोडपलं होतं. मग पियानोच्या आवाजाला. मग बाईंच्या पहिल्या रचनेला, "लांबण" म्हणून. मग नव्या रचनेवर आले: "डाव्या हाताचा एक सूर सतत मागे पडतो. आपल्या जागेवर तो एकदाही येत नाही."

पुढे वाचायची काकांची छाती झाली नाही. आपणच हात जोडून या माणसाला बोलावलं, आणि त्याने हे केलं. तेवढ्यात चपलांच्या दुकानाची जाहिरात येऊन पडली, पानावर जागा अर्धी झाली. काकांना तर बुडत्याला काडीचा आधार सापडल्यासारखं झालं. जागेत मावलं तेवढं ठेवून त्यांनी त्या ओळीखालचं सगळं उडवलं. बाईंच्या वाट्याची तेवढी तरी बोलणी कमी झाली, असं म्हणून सुस्कारा सोडला.

सकाळी जिन्यात बाई भेटल्या. हातात तेच वर्तमानपत्र. हसत होत्या, पण ते हसू जरा ओढून आणलेलं होतं.

"वाचलं हो, भाऊ. डावा हात मागे पडतो म्हणतात."

काका जिन्याचा कठडा धरून उभे राहिले.

"परगावच्या सभागृहाचं बोलावणं आलंय, याच रचनेसाठी," बाई म्हणाल्या. "नाही म्हणून कळवते आता. जे मला ऐकू येतं ते दुसऱ्याला येत नसेल, तर कशाला मिरवायचं?"

त्या दिवशी वरची खिडकी उघडली नाही. आभार मानायला गेलो आणि बाईंचा पियानो बंद पाडून आलो, हे काकांच्या मनात असं काही सलत राहिलं की हातातला चहा निवून गेला. शेवटी चप्पल पायात सरकवून ते तरातरा कारलेसरांच्या घरी गेले. आयुष्यात प्रथमच कुणाशी भांडायला.

सर बनियनवर पुस्तकं पुसत होते. काकांनी दारातूनच सुरुवात केली. "सर, त्या बाईंनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"मी?" सरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "अहो, इतकं कौतुक मी जन्मात कुणाचं केलं नाही."

"कौतुक? डावा हात मागे पडतो, हे कौतुक?"

"पुढे वाचलंत ना?"

सरांनी चष्मा लावला, कॉम्प्युटर उघडला आणि उभ्या उभ्याच वाचून दाखवलं:

"पण तिसऱ्यांदा तो सूर तसाच मागे पडला, तेव्हा मी टिपणं काढणं थांबवलं. हात चुकणारा असेल, तर सूर कधी आधी पडेल, कधी नंतर. हा दरवेळी तेवढाच मागून येत होता. त्या खोलीत आणखी कुणी आहे, सगळं ऐकतं आहे, आपल्या परीने साथ देतं आहे, आणि वाजवणारी दरवेळी त्या माणसासाठी थांबते आहे, असं वाटत राहिलं. इतकी वर्षं मी पियानो ऐकतो. वेग ऐकला, ताकद ऐकली, असं थांबणं ऐकलं नव्हतं. अशी रचना लिहिणारी आणि ती इतक्या साधेपणाने वाजवणारी बाई आपल्या गावात राहते, याबद्दल आपण कृतज्ञ असायला हवं."

काका दारातून आत येऊन खुर्चीवर बसले. "सर, हे मी कापलं."

"कापलं?"

"जागा नव्हती. शेवटचा भाग आम्ही नेहमीच कापतो. खालून."

सरांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मी आधी दोष लिहितो. मनातली जळमटं काढून टाकली की मोकळेपणाने गुण सांगता येतात. गोड नेहमी शेवटी. सगळ्यांच्याच बाबतीत." ते थांबले. "तुम्ही दरवेळी कापता?"

"जवळजवळ."

"मी छापलेलं वाचत नाही हो. लिहून दिलं की माझ्यापुरतं संपलं. आणि मी आपला विचार करत बसायचो, की सभागृहात लोक माझ्या शेजारची खुर्ची का सोडतात."

आता घ्या. इतक्या वर्षांत गावातल्या एका भल्या माणसाचं कारलं करून टाकलं, ते या कात्रीने, आणि कात्री धरणाऱ्याला पत्ताही नाही. काकांनी माफी मागितली. सर रागावायच्या बेतात होते, पण त्यांना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला लागला. काकांनीच मग आत जाऊन पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी काका संपादकांपुढे जाऊन उभे राहिले. चूक माझी आहे, राहिलेला भाग उद्याच्या अंकात लावतो, असं म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. पान लावताना पुन्हा एक जाहिरात आलीच. तेव्हा त्यांनी शेजारची एका पुढाऱ्याच्या भाषणाची बातमी घेतली आणि जन्मात पहिल्यांदा वरून कापलं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी वर्तमानपत्र घेऊन काका जिना चढले. या वेळी पाटी वाचली नाही, सरळ बेल दाबली. खोलीत पियानोवर चादर घातलेली होती. "बाई, काल जे आलं ते अर्धं होतं. उरलेलं मी कापलं होतं. मला वाटलं, तेही तसंच असेल. तुम्हाला लागू नये म्हणून कापलं." एका दमात एवढं बोलून त्यांनी पान पुढे केलं.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कळलं हो त्यांना."

"काय कळलं?"

"भाऊ, मी खाली येऊन बसायचे ना तुमच्याकडे. मावशी वर जाऊन खिडकीत टेप लावायची, मी वाजवलेलंच त्यात भरून ठेवलेलं. तुमच्या बायकोचा डावा हात चादरीवर असायचा. एक बोट ठेका धरायचं. पण थोडं मागून. ऐकू यायचं, मग बोटापर्यंत पोचायचं, तेवढा वेळ लागायचा. टेपवर घाईचं वाजलं की बोट थांबायचं. म्हणून मग मी वाजवतानाच तिच्यासाठी थांबायला शिकले." त्यांनी चादर ओढून बाजूला केली. "इतकी वर्षं वाजवतेय, पण ऐकणाऱ्यासाठी थांबायचं असतं हे तिने शिकवलं मला. ही रचना तिचीच आहे. तुम्हाला सांगायचं होतं. चारदा खाली आले आणि दारावरून परत गेले."

काकांना हसू आलं आणि रडूही. "मी पण," ते म्हणाले. "तुमच्या दारावरून. बाई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. आमच्यावर." इतक्या दिवसांचे अडलेले शब्द, बाहेर पडले तेव्हा अगदी साधे निघाले.

"बसा," बाई म्हणाल्या. "परगावी नाही म्हणून अजून कळवलेलं नाही मी."

काका खिडकीशी बसले. बाईंनी उजव्या हाताने संथपणे सुरुवात केली. सूर पुढे गेले, वळले, आणि एका जागी थांबून राहिले. मग डाव्या हाताचा तो एकटा सूर आला, थोडा मागून.

"आली," काका म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि वाजवत राहिल्या.